आंबोलीचे बेडूक रत्नागिरीत कसे गेले, आणि ठिपके गोव्यात का पडतात

भावा, म्युझियमच्या जुन्या नोंदीत आंबोलीचे बेडूक रत्नागिरी जिल्ह्यात दाखवलेत आणि नकाशावर ठिपके गोव्यात पडतायत, हे तू लिहिलंयस ते वाचून पंधरा वर्षांपूर्वीचं माझं दुखणं परत वर आलं, मी पण कोल्हापुरात बसून हेच करत होतो.

जिल्ह्याचं सोपं आहे. सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला, त्याआधी आंबोली, मालवण सगळं रत्नागिरीतच. १९४८ च्या आधीचं लेबल असेल तर सावंतवाडी संस्थान पण शोध. आणि गोव्याचं म्हणशील तर आंबोली साधारण १५ अंश ५७ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे, कुणीतरी ते सरळ १५.५७ म्हणून टाकलं असणार, एका अंशात मिनिटं साठ, म्हणून खरं १५.९५ पाहिजे. एवढ्यानं ठिपका चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला जातो.

आता माझी चूक सांगतो, ती तू करू नको. मी एक्सेलमध्ये जागेचा कॉलम 'नीट' करायला बसलो आणि रत्नागिरी डिस्ट्रिक्ट लिहिलेल्या सगळ्या ओळी आजच्या रत्नागिरीत टाकल्या, वर लेबलचा मूळ मजकूर आणि कॅटलॉग नंबर पुसून टाकले. नंतर चूक कळली पण कुठली ओळ नमुन्याच्या कुठल्या बरणीची ते सांगता येईना. जिथून यादी मिळालेली त्या ऑफिसला परत लिहिलं तर आधी संशोधनाच्या गाईडचं लेटरहेड मागितलं, मग साहेबांची बदली झाली, मग अर्जच सापडेना. सात महिने गेले, अख्खा पावसाळा गेला. अजून राग येतो, कारण कुणीतरी जळवा अंगावर घेत भर पावसात तो बेडूक धरून चिठ्ठी लिहिलेली असते, ती जपायला कुणाला काही वाटू नये?

जातींच्या शास्त्रीय नावांचं पण तेच. मी काही टॅक्सॉनॉमीतला, म्हणजे वर्गीकरणातला माणूस नाही, तज्ज्ञाला विचारच, पण आपल्या नेहमीच्या टोडचं जुनं नाव बुफो मेलॅनोस्टिक्टस, त्याचं आताचं डट्टाफ्रायनस करणं सोपं आहे, जुन्या राना लिम्नोकॅरिसचं तसं करू नको, त्या नावाखाली आता वेगळ्या धरलेल्या कितीतरी जाती आहेत, बरणी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आंबोली टोड नावाच्या जातीला तर नावच २००९ ला मिळालं, जुन्या यादीत त्या नावानं शोधून काय मिळणार? फॉर्मेलिनमधल्या नमुन्यात रंग उडालेला असतो आणि डीएनए काढणं पण अवघड, तेव्हा मदार लेबलवरच.

मूळ कॉलम लॉक करून ठेव, दुरुस्ती शेजारच्या कॉलमात, तारीख टाकून. आणि जुलैत आंबोलीला गेलास तर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, बघून पाय टाक, डबक्यात टोडची अंडी असतात.