'सन्मान' की 'विजेतेपदे'? मिलानच्या यादीवरून थोडी शब्दचर्चा

प्रश्न असा आला आहे: "एसी मिलान या इटालियन फुटबॉल क्लबवर मराठीत लेख लिहितो आहे. इंग्रजीत अशा लेखाखाली दोन तक्ते असतात, एक 'ऑनर्स'चा आणि दुसरा 'प्लेअर रेकॉर्ड्स'चा. मी त्यांना 'सन्मान' आणि 'खेळाडूंचे विक्रम' अशी शीर्षकं दिली. मित्राला दोन्ही खटकतात, पण का ते त्याला सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

तुमच्या मित्राचा कान चांगला आहे. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, पण दोन्ही आपापल्या जागेवरून सरकलेले आहेत.

आधी 'सन्मान'. सन्मान कुणीतरी करावा लागतो. सत्कार, मानपत्र, शाल-श्रीफळ ही त्याचीच भावंडं. त्यात करणारा वेगळा आणि ज्याचा होतो तो वेगळा. मिलानने इटलीची सर्वोच्च लीग, म्हणजे सेरी ए, १९ वेळा जिंकली, तेव्हा कुणी उठून मिलानचा सन्मान केला नव्हता. हंगामभर खेळून क्लबने ती जागा स्वतः घेतली. खरे सन्मान मिलानच्या इतिहासात आहेतच, पण ते वेगळे. बॅलन डी'ओर हा मतदानाने दिला जाणारा पुरस्कार मिलानच्या खेळाडूंना आठ वेळा मिळाला. १९६९ साली रिव्हेरा, १९८७ साली गुलिट, १९८८, १९८९ आणि १९९२ साली व्हॅन बास्टेन, १९९५ साली वेया, २००४ साली शेव्हचेन्को, २००७ साली काका. इथे देणारा आहे, घेणारा आहे, म्हणून 'सन्मान' चपखल बसतो. फ्रांको बारेसी निवृत्त झाल्यावर क्लबने त्याचा ६ क्रमांक पुन्हा कुणाला दिला नाही, तोही सन्मानच. लेखात अशा गोष्टींचा वेगळा परिच्छेद करा आणि हा शब्द तिथे वापरा.

मग नुसता 'मान' चालेल का? हा शब्द मला सन्मानापेक्षा जवळचा वाटतो. पालखीचा मान, मानाचा पहिला गणपती, गावच्या जत्रेतले मानकरी: या मानात हक्क असतो. तो कुणाच्या मर्जीवर नसतो, आणि कुणाचा मान कितवा हे सगळ्या गावाला पाठ असतं. इटलीत लीग विजेतेपदांबद्दल लोकांची भावना नेमकी अशीच आहे. तिथे दहा विजेतेपदं झाली की जर्सीवर एक तारा लावायचा मान मिळतो. १९५८ साली युव्हेंटसपासून ही प्रथा सुरू झाली, आणि मिलानने १९७९ साली दहावं विजेतेपद मिळवून आपला तारा घेतला. शहरातला दुसरा क्लब इंटर २०२४ साली विसाव्या विजेतेपदापर्यंत पोहोचला, आणि तेही थेट मिलानला हरवून. इंटरचे दोन तारे झाले, मिलान १९ वर थांबलेला. पालखीच्या पुढे कोण आणि मागे कोण यावरून गावं का भांडतात हे ज्याला कळतं, त्याला त्या रात्री मिलानच्या चाहत्यांना काय वाटलं असेल हे समजावून सांगावं लागत नाही.

तरीही तक्त्याचं शीर्षक म्हणून मी 'मान' लिहिणार नाही, कारण त्या तक्त्यात एक ओळ अशी आहे जी या शब्दात मावत नाही. १९७९ साली विजेता ठरलेला मिलान पुढच्याच हंगामानंतर सट्टेबाजीच्या प्रकरणात शिक्षा म्हणून दुसऱ्या श्रेणीत, सेरी बीमध्ये, ढकलला गेला. तिथून वर आला आणि १९८२ साली पुन्हा घसरला, या वेळी मैदानावरच्या कामगिरीमुळे. १९८०-८१ आणि १९८२-८३ असे दोन हंगाम त्याने सेरी बी जिंकली. यादीत ती दोन्ही विजेतेपदं येतात, यायलाच हवीत. त्यांना 'मान' म्हणताना मात्र जीभ अडखळते. 'विजेतेपद' हा शब्द अडखळत नाही. स्पर्धा कोणती होती यावर तो काही बोलत नाही, पहिला कोण आला एवढंच सांगतो. म्हणून माझं मत: पहिल्या तक्त्याला 'विजेतेपदे' म्हणा. त्याखाली लीग १९, इटालियन चषक ५, इटालियन सुपर चषक ८, युरोपियन चषक आणि त्याचंच नवं रूप चॅम्पियन्स लीग मिळून ७, अशा ओळी सरळ बसतात. 'किताब' मी कुस्तीसाठी राखून ठेवीन. महाराष्ट्र केसरीचा किताब आणि चांदीची गदा एका माणसाच्या नावाला चिकटते. अकरा जणांच्या संघाला तो शब्द थोडा सैल होतो.

स्वतः इटालियन लोक काय म्हणतात? त्यांनीही शब्द उसना घेतलाय. एखाद्या क्लबने काय काय जिंकलं त्याला ते 'पाल्मारेस' म्हणतात, आणि तो फ्रेंचमधून आलेला आहे. एखादी स्पर्धा वर्षानुवर्षं कुणी जिंकली त्या नामावलीला मात्र त्यांचा स्वतःचा देखणा शब्द आहे, 'आल्बो दोरो', म्हणजे सोनेरी नामावली. 'आल्बो'चं मूळ लॅटिनमधल्या पांढऱ्या फळ्यात आहे, ज्यावर जाहीर सूचना लिहीत असत. क्लबची यादी वेगळी आणि स्पर्धेची यादी वेगळी, हा फरक त्यांनी शब्दातच केलाय. आपल्याला 'मिलानची विजेतेपदे' आणि 'सेरी एचे विजेते' असं लिहून तो सहज साधता येतो.

लीगच्या विजेतेपदासाठी त्यांचा लाडका शब्द आहे 'स्कुदेत्तो', आणि तो तुमच्या लेखात यायलाच हवा. अर्थ छोटी ढाल. गेल्या हंगामाचा विजेता संघ पुढचं वर्षभर छातीवर ढालीच्या आकाराचं, राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचं चिन्ह लावतो, त्यावरून हे नाव पडलं. लीगसाठी ते पहिल्यांदा लावलं जेनोआने, १९२४-२५च्या हंगामात. गंमत बघा: मिलानची पहिली तीन विजेतेपदं १९०१, १९०६ आणि १९०७ सालची. तेव्हा जर्सीवर अशी ढाल कुणीच लावत नव्हतं, तरी आज त्यांनाही स्कुदेत्तोच म्हणतात. चौथं विजेतेपद यायला १९५१ साल उजाडलं, आणि त्यानंतरच मिलानच्या लाल-काळ्या पट्ट्यांवर ती ढाल पहिल्यांदा दिसली. मराठीला ढालीचं बक्षीस नवं नाही. शाळाशाळांमधली फिरती ढाल आपण पाहिली आहे, मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली हॅरिस शील्ड तर सगळ्यांना माहीत आहे. पण ती ढाल कपाटात ठेवायची असते, ही छातीवर वागवायची. म्हणून भाषांतर करू नका, 'स्कुदेत्तो' असाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला अर्थ द्या. अनेकवचनाची चिंता नको. 'फोटो' जसा एक फोटो, दहा फोटो असा राहतो, तसा एक स्कुदेत्तो, १९ स्कुदेत्तो.

इथेच 'अजिंक्यपद' या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे, कारण मिलानमुळे तो माझ्या डोक्यात कायमचा पक्का झाला. चॅम्पियनशिपला आपण अजिंक्यपद म्हणतो. शब्द भारदस्त आहे, पण जे संघ वर्षात चार-पाच सामने हरून पहिले येतात त्यांनाही आपण तो देतो. अजिंक्य म्हणजे ज्याला जिंकता येणारच नाही तो. साताऱ्याचा अजिंक्यतारा आठवा. शब्दाची घडणही बघण्यासारखी आहे. संस्कृतात अजेय आणि अजय्य आहेत. 'अजिंक्य' आपल्या 'जिंकणे'वरून घडलेला. त्याच्या शेजारी 'अपराजित' ठेवा. अपराजित म्हणजे आजवर न हरलेला. उद्याचं वचन त्यात नाही. प्रशिक्षक फाबियो कापेल्लोच्या मिलानने १९९१-९२चा पूर्ण हंगाम, ३४ सामने, एकही न हरता काढला: २२ विजय, १२ बरोबरी. इटालियन लोकांनी त्या संघाचं नावच 'इन्व्हिन्चीबिली' ठेवलं, म्हणजे थेट आपला 'अजिंक्य'. ती मालिका मे १९९१ ते मार्च १९९३ अशी लीगमध्ये ५८ सामने चालली आणि सान सिरो या मिलानच्याच मैदानावर पार्मा क्लबच्या आस्प्रियाच्या एका फ्री किकने तुटली. म्हणजे मालिकेबद्दल लिहिताना '५८ सामने अपराजित' हेच नेमकं, आणि संघाच्या टोपणनावासाठी 'अजिंक्य'. इटालियनमध्येही 'इम्बात्तुतो' आणि 'इन्व्हिन्चीबिले' असे दोन वेगळे शब्द आहेत. दोन भाषांची अशी ओळीला ओळ जुळते तेव्हा मला फार आनंद होतो.

आता दुसरा तक्ता. 'रेकॉर्ड' या एका शब्दात इंग्रजीने तीन गोष्टी कोंबल्या आहेत, आणि मराठीत त्या तिघींना वेगवेगळी नावं आहेत: नोंद, उच्चांक, विक्रम.

लिहून ठेवलेली कुठलीही आकडेवारी ही नोंद. सगळ्यात मोठा आकडा हा उच्चांक. आणि विक्रम? त्याचा मूळ अर्थ पाऊल टाकणे, झेप, आणि त्यावरून पराक्रम. त्रिविक्रम म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणारा. खेळाच्या पानांवर या शब्दाला आकड्याचा अर्थ अलीकडे मिळाला, पण जुना वास गेलेला नाही. म्हणूनच वाईट आकड्याला 'विक्रम' म्हणायची वेळ आली की वार्ताहराला 'नकोसा विक्रम' असं विशेषण जोडावं लागतं.

पाओलो माल्दिनी मिलानसाठी ९०२ सामने खेळला. पदार्पण जानेवारी १९८५, शेवटचा सामना मे २००९. हा क्लबचा उच्चांक आहे आणि आजही कायम आहे. यांपैकी सेरी एमधले ६४७. हा आकडा त्या वेळी सगळ्या लीगमधला सर्वाधिक होता, तो २०२० साली गोलरक्षक जानलुईजी बुफ्फोनने ओलांडला. म्हणजे एकाच माणसाचा एक आकडा मागे पडला आणि एक राहिला. 'माल्दिनीचा विक्रम मोडला' असं नुसतं लिहिलंत तर वाचक चुकीचं समजेल. 'लीगमधला उच्चांक मोडला, क्लबचा कायम' असं लिहिलंत तर एका ओळीत सगळं येतं. सामने खेळण्याला इटालियन शब्द आहे 'प्रेझेन्त्से', शब्दशः हजेरी. पंचवीस हंगाम एकाच क्लबचा हजेरीपट! मराठीत मात्र '९०२ सामने' किंवा '९०२ वेळा मैदानात' हेच बरं, कारण आपल्या हजेरीला पाहुण्याचा अर्थही आहे. कार्यक्रमाला हजेरी लावणारा पाच मिनिटांत निघून गेलेला असू शकतो.

माल्दिनीबद्दल 'घराणे' हा शब्द मात्र नि:शंक वापरा. वडील चेझारे यांनी १९६३ साली वेम्बलीवर कर्णधार म्हणून मिलानचा पहिला युरोपियन चषक उचलला. ४० वर्षांनी, पुन्हा इंग्लंडमध्येच, मँचेस्टरला, कर्णधार म्हणून तोच चषक पाओलोने उचलला. नातू दानिएल मिलानकडून खेळला आणि २०२२च्या स्कुदेत्तोत त्याचाही वाटा आहे. पाओलोचा ३ क्रमांक क्लबने इतरांसाठी बंद केला आहे.

गोलांचा उच्चांक गुन्नार नॉर्डालचा. हा स्वीडिश माणूस पेशाने अग्निशामक. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून तो १९४९च्या जानेवारीत मिलानला आला आणि २६८ सामन्यांत २२१ गोल केले. आपण म्हणतो, 'त्याच्या नावावर २२१ गोल आहेत.' जमीन नावावर असते तसे गोल नावावर, सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे. हा प्रयोग मला अस्सल वाटतो, निर्धास्त वापरा.

नॉर्डाल पाच वेळा 'कापोकान्नोनिएरे' ठरला, म्हणजे लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा. 'कापो' म्हणजे म्होरक्या, 'कान्नोनिएरे' म्हणजे तोफ डागणारा. आता मराठीत तोफ डागणाऱ्याला काय म्हणत? तोफची, आणि गोलंदाज! गोळा फेकणारा तो गोलंदाज. मराठ्यांच्या तोफखान्यातला हा फारसी शब्द आपण क्रिकेटला दिला, आणि इटालियन लोकांनी तोफखान्यातला आपला शब्द फुटबॉलला दिला. त्यामुळे शब्दशः भाषांतर 'मुख्य गोलंदाज' होईल आणि वाचक विकेट शोधत बसेल. 'सर्वाधिक गोल करणारा' एवढंच लिहा. पण क्रियापद तोफेचं घेता येईल: आपले क्रीडावार्ताहर 'गोल डागला' म्हणतातच. नॉर्डालने १९४९-५०च्या हंगामात ३५ गोल डागले, हे अगदी इटालियन मनाचं मराठी वाक्य आहे.

तक्त्यातली शेवटची अवघड ओळ गोलरक्षकाची. सेबास्तियानो रॉस्सीने १९९३-९४च्या हंगामात सलग ९२९ मिनिटं गोल होऊ दिला नाही. पुढे २०१६ साली बुफ्फोनने ९७४ मिनिटांपर्यंत मजल मारली. 'गोल न स्वीकारता' हे मला रुचत नाही, गोल काही कुणी स्वीकारत नसतं. 'सलग ९२९ मिनिटं एकही गोल होऊ दिला नाही' असं उलगडून लिहा. दोन शब्द जास्त लागतात, लागू द्यावेत.

तेव्हा दुसऱ्या तक्त्याला 'खेळाडूंचे उच्चांक' म्हणा. 'विक्रम' मजकुरात ठेवा, जिथे आकड्यामागे झेप दिसते तिथे.

आणि क्लबचं नाव? शहर इटालियनमध्ये मिलानो, पण क्लब मिलान, कारण १८९९ साली तो हर्बर्ट किल्पिन आणि इतर इंग्रजांनी स्थापन केला. फॅसिस्ट राजवटीत नावाला सक्तीने इटालियन रूप द्यावं लागलं, युद्धानंतर जुनं नाव परत आलं. म्हणून शहराला तुम्ही मिलानो म्हणा की मिलान, क्लबला 'मिलान'च. त्याचं मूळ नाव होतं 'मिलान फुटबॉल अँड क्रिकेट क्लब'. म्हणजे सुरुवातीच्या त्या दिवसांत या क्लबमध्ये आपल्या अर्थाचे गोलंदाजही होते.