दाखला ३६ टक्क्यांचा, म्हणून ठेव मोडायची का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. कडबाकुट्टीत यजमानांचा उजवा हात सापडला, दाखला ३६ टक्के अपंगत्वाचा मिळाला आणि संजय गांधी निराधारचा अर्ज नामंजूर झाला. आता तासगावातला एक जण ‘वीस हजारांत पन्नास टक्के करून देतो’ म्हणतोय, त्यासाठी पतसंस्थेतली साठ हजारांची ठेव मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका, आणि त्याला एक रुपयाही देऊ नका. फसवून लाभ घेतल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दाखल्यावर नाव यजमानांचं असणार.

अनुदानाला किमान ४० टक्के लागतात. दिव्यांगांना आता महिना २,५०० मिळतात, म्हणजे वर्षाला ३०,०००. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. तुमच्या शिलाईचेच ३६,००० होतात. वाट्याच्या शेतीचं धरून आकडा कुठे जातो, ते तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढून आधी बघा. पुढे गेला तर अनुदान मिळणार नाही. तरी टक्केवारी फेरतपासून घेण्यासाठी अपील कराच, कारण ४० टक्क्यांवर एसटीत ७५ टक्के सवलत आहे आणि ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतूनही मागता येतं.

टक्केवारीवरचं अपील निर्णयापासून ९० दिवसांत करायचं असतं. ते कोणाकडे द्यायचं, हे सिव्हिलमध्ये लेखी विचारा. तुम्ही लिहिलंय की बोटं गेलीच, शिवाय मनगट वळत नाही, खुरपं धरवत नाही, सदऱ्याची बटणं तुम्हीच लावता. पहिल्या तपासणीत मनगट आणि पकड मोजली होती का? मोजली नसेल तर अपिलाचा मुद्दा तोच. कामाचा हात निकामी झाला तर त्याचे जादा टक्के धरायची तरतूदही आहे. ते धरलेत का, हेही अर्जात विचारा. ऑपरेशनचे कागद, एक्स-रे, हाडांच्या डॉक्टरांचा ताजा अहवाल जोडा. सुनावणीत म्हणणं मांडायची संधी मिळते, पण तिथला निर्णय अंतिम असतो, म्हणून अर्धवट कागदांवर जाऊ नका.

खर्च झेरॉक्स, तपासणी आणि जाण्यायेण्याचा. तो शिलाईच्या पैशांतून भागेल. दाखल्याची तारीख तुम्ही कळवलेली नाही. ती आजच बघा, ९० दिवस तिथूनच मोजायचे आहेत.