तबकडी सदोष, आणि विक्रेता म्हणतो तुमचे टर्नटेबल बिघडले आहे

प्रश्न : मी निवृत्त संगीतशिक्षक, मिरजेला राहतो. ऑनलाइन बाजारपेठेवरून बंगळूरच्या एका विक्रेत्याकडून हिंदुस्थानी कंठसंगीताचा तीन एलपींचा आयात संच ६,८०० रुपयांना घेतला. घरी लग्नकार्य असल्याने पार्सल आल्यावर बाराव्या दिवशी सील फोडले. दुसऱ्या रेकॉर्डवर तानपुरा एकसारखा वर-खाली हेलकावतो. तिसरीच्या दुसऱ्या बाजूला, सुरुवातीच्या भागातच, कापड फाडल्यासारखा आवाज येतो. पहिली उत्तम आहे, फक्त मधूनमधून टिकटिक होते. पंधराव्या दिवशी ईमेल केला. उत्तर आले : "सील फोडलेली रेकॉर्ड परत घेत नाही, परतीची मुदत सात दिवसांची होती, आणि दोष तुमच्या टर्नटेबलमध्ये आहे." वर ५०० रुपयांचे कूपन पाठवले. पुतण्या म्हणतो, फसवणुकीची पोलीस तक्रार करा. पहिली रेकॉर्ड ठेवून उरलेल्या दोन परत करता येतील का? पार्सल येऊन आता पाच आठवडे झाले आहेत.

उत्तर : सर्वात आधी, ते कूपन वापरू नका. वापरलेत तर "तक्रार आपसात मिटली होती" असे म्हणायला विक्रेता मोकळा होतो. दोन ओळींचा ईमेल करा की कूपन मला मान्य नाही, माझी तक्रार कायम आहे.

आता सीलचा मुद्दा. विक्रेत्याची सगळी भिस्त त्याच्यावर आहे, आणि कायद्यात त्याला फारसा आधार नाही. मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम ४१ सांगते की न पाहिलेला माल हाती आला, तर तो कराराप्रमाणे आहे की नाही हे तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे धरता येत नाही. साडी उलगडून पाहता येते, रेकॉर्ड वाजवूनच पाहावी लागते. प्लास्टिकच्या वेष्टनावरून भोक मध्यावर आहे की नाही हे जगातल्या कुठल्याही जाणकाराला सांगता येणार नाही. म्हणजे सील फोडणे आणि एकदा वाजवणे ही तपासणीच झाली. "सील फोडले की हक्क संपला" ही अट सदोष मालालाही लावली, तर ग्राहकाला तपासणीचा मार्गच उरत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधल्या सहाव्या नियमाप्रमाणे बाजारपेठेवरून विकणाऱ्या विक्रेत्याला सदोष किंवा जाहिरातीबरहुकूम नसलेला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. तिथे सीलबंद आणि सील फोडलेला असा भेद केलेला नाही. मन बदलले म्हणून परत करणाऱ्या ग्राहकाला सीलची अट लावणे मी समजू शकतो. तुमची गोष्ट तशी नाही.

सात दिवसांच्या मुदतीबाबत तुमचे बिल काढून नीट वाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेऊन पैसे न देणे ही त्यातली एक. त्यासाठीची मुदत बिलात किंवा पावतीत लिहिली असेल ती, आणि तिथे काहीच लिहिले नसेल तर तीस दिवस. सात दिवसांची अट फक्त संकेतस्थळावरच्या कुठल्या तरी कोपऱ्यात असेल आणि बिलावर नसेल, तर तुमचा पंधराव्या दिवसाचा ईमेल अगदी वेळेत आहे. बिलावर छापलेली असली, तरी या एका मुद्द्याला अडचण येते, तक्रार संपत नाही. ई-कॉमर्स नियम आणि मालविक्री अधिनियम यांचा आधार तेव्हाही राहतो. मात्र यापुढे गप्प राहू नका. दोष कळूनही माल वाजवी काळाहून अधिक मुकाट्याने ठेवला तर मालविक्री अधिनियमाच्या कलम ४२ खाली तो स्वीकारला असे मानले जाते.

तिसरा मुद्दा टर्नटेबलचा, आणि खरी लढत इथेच आहे. इथे मी तुमच्याशी थोडे कडक बोलणार आहे. सुई शेवटची कधी बदलली हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. ती झिजलेली निघाली, तर समोरचा वकील ग्राहक आयोगापुढे पहिला प्रश्न तोच विचारेल आणि तुमच्या चांगल्या प्रकरणाला तिथेच भोक पडेल. तेव्हा विक्रेत्याला नोटीस देण्याआधी टर्नटेबल जाणकार मेकॅनिकला दाखवा. सुई भिंगाखाली तपासून घ्या आणि झिजली असेल तर बदला. टोनआर्मचे (सुई धरणाऱ्या दांड्याचे) सुईवर पडणारे वजन डिजिटल काट्यावर मोजा. ते तुमच्या कार्ट्रिजच्या (दांड्याच्या टोकाला सुई बसवलेल्या भागाच्या) कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवे. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजला १.८ ते २.२ ग्रॅम लागतात. वजन कमी पडले तरी सुई खाचेत नीट बसत नाही आणि आवाज फाटतो, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते. पट्टा सैल झाला असेल तर तोही बदला.

वेग घरीही तपासता येतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी १८० रेघा असलेली स्ट्रोब चकती प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर) ठेवा आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फिरवा. ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, नसेल तर पुढे किंवा मागे सरकू लागतात. एलईडी दिव्याखाली याचा भरवसा धरू नका.

हे सगळे झाल्यावर मेकॅनिककडून त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या : टर्नटेबलचे मॉडेल, सुईची अवस्था, वजन ग्रॅममध्ये, वेग, तारीख, सही. पुढे लागेल तेव्हा याच मजकुराचे प्रतिज्ञापत्र होईल.

आता दोष रेकॉर्डचाच आहे हे दाखवायचे. ३३⅓ ला रेकॉर्डची एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण होते. तानपुऱ्याचा हेलकावा नेमका दर १.८ सेकंदांनी येत असेल, तर तो प्रत्येक फेरीला एकदा येतो आहे, म्हणजे भोक मध्यावर नाही. फोन समोर स्थिर ठेवून टोनआर्मचे पुढचे टोक टिपा. दुसरी रेकॉर्ड वाजताना ते दर फेरीला डावीकडे-उजवीकडे झुलताना दिसेल. रेकॉर्ड न बदलता एक गोष्ट आणखी करा. लेबलवरचे एखादे अक्षर खूण म्हणून धरा, रेकॉर्ड उचलून प्लॅटरवर अर्धा फेरा फिरवून ठेवा आणि पुन्हा वाजवा. झोका त्या अक्षराबरोबर सरकला तर दोष रेकॉर्डचा, प्लॅटरच्या जागेशी चिकटून राहिला तर यंत्राचा. लगेच, कॅमेरा न हलवता, पहिली रेकॉर्ड लावा. तिथे आर्म सरळ आत सरकत जाताना दिसली की विक्रेत्याचा बचाव त्याच चित्रणात संपतो.

शास्त्रीय संगीतात हा दोष किती मोठा आहे हे आयोगाला आकड्यात सांगा, कारण समोर बसलेल्या सदस्यांचा कान तुमच्यासारखा तयार असेलच असे नाही. केंद्रापासून ६ सेंटिमीटरवरच्या खाचेत आर्म एकूण १ मिलिमीटर झुलत असेल, तर भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले आहे. त्याने स्वर वर ०.८३ टक्के आणि खाली ०.८३ टक्के जातो. सा आणि कोमल रे यांच्यातले अंतर सुमारे ६ टक्के. म्हणजे षड्ज दर फेरीला त्या अंतराच्या पाव भागाहून अधिक हलतो. ज्या संगीतात श्रुतीचा हिशेब होतो, तिथे हलणारा तानपुरा ही "किरकोळ बाब" नव्हे. हे वाक्य तक्रारीत जरूर घाला.

तिसऱ्या रेकॉर्डचा फाटका आवाज वेगळ्या कारणाचा असावा. तापवून मऊ केलेला व्हिनाइलचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबून रेकॉर्ड तयार होते. साच्याच्या बारीक रेषांत तो पुरता भरण्याआधीच थंड झाला तर खाचेच्या भिंतीला सूक्ष्म खड्डे राहतात. तिरप्या उजेडात त्या पट्ट्यात करडे, चमकणारे ठिपके दिसतात. त्यांचा फोटो काढा. कितीही धुतले तरी हा आवाज जात नाही. तुमच्या बाजूने एक जमेची गोष्ट आहे. कार्ट्रिज वाकडे बसल्याने होणारी विकृती बहुधा रेकॉर्डच्या शेवटी, लेबलजवळ वाढते आणि सगळ्याच रेकॉर्डवर ऐकू येते. तुमचा आवाज एकाच बाजूला आणि सुरुवातीलाच आहे. कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत, ते लिहून ठेवा.

पहिल्या रेकॉर्डची टिकटिक मात्र तक्रारीतून वगळा. नव्या रेकॉर्डवरही कागदी पाकिटाची धूळ आणि स्थिर वीज असते. कार्बन फायबरच्या ब्रशने, किंवा डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, पुष्कळदा ती जाते. कायदा निर्दोष शांतता मागत नाही. किरकोळ गोष्ट जोडली की मोठ्या दोन गोष्टींचे वजन कमी होते.

सदोष दोन्ही रेकॉर्डवर घरगुती उपाय मात्र अजिबात नको. भोक कानसीने मोठे करून मध्य साधणारे शौकीन मला माहीत आहेत. तसे केलेत की तुम्ही माल बदललात आणि परत करण्याचा हक्क गमावलात. चित्रण झाले की त्या पाकिटात घालून उभ्या ठेवा आणि वाजवू नका. संच स्वतःच्या खर्चाने बंगळूरला पाठवायलाही कायद्याने तुम्ही बांधलेले नाही. मालविक्री अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे, माल नाकारतो आहे, घेऊन जा, एवढे कळवणे पुरेसे असते.

पहिली ठेवून दोन परत करण्याबद्दल विचार करा. संच एकाच किमतीला, एक वस्तू म्हणून घेतला. असा करार तोडून वेगळा करता येत नसेल आणि त्यातला काही माल तुम्ही स्वीकारला, तर त्याच अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे उरलेला नाकारण्याचा हक्क जातो आणि फक्त नुकसानभरपाई मागता येते. म्हणून दोन वाटा आहेत : पूर्ण संच परत आणि ६,८०० रुपये, किंवा संच ठेवून किमतीत वाजवी कपात. निर्दोष दुसरा संच मिळतो का ते आधी विक्रेत्याला विचारा. मिळत असेल तर बदली मागणे सर्वात बरे, कारण तुम्हाला शेवटी संगीत हवे आहे. नसेल तर माझा कल पूर्ण परताव्याकडे आहे, आणि तो मागायचा तर पहिली रेकॉर्डही आता वाजवू नका.

पुतण्याला सांगा, पोलीस तक्रार नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला विकतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. बंद पाकिटातला दोष विक्रेत्यालाही माहीत नसणार. हा दिवाणी वाद आहे. फौजदारीचा धाक दाखवला तर तुमचीच बाजू दुबळी होते.

आता क्रम. बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असा नियम आहे. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करा. अशा रकमांचे बरेच वाद तिथेच सुटतात. वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता असेल तर त्याचाही फोटो ठेवा, कारण विक्रेता, बाजारपेठ आणि आयातदार या तिघांनाही पक्षकार करायचे आहे. मग स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण आयोगाला तुमचा समजूतदारपणा त्यातून दिसतो.

तरीही पैसे आले नाहीत तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. बंगळूरला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेली किंमत, पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य आहे. मुदत दोन वर्षांची आहे, पण वाट पाहू नका, ऑनलाइनही दाखल करता येते. चित्रण पेन ड्राइव्हवर द्या, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडा, आणि मूळ फोन जपून ठेवा. चाचणीशिवाय दोष ठरत नाही असे आयोगाला वाटले, तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ प्रमाणे माल सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवता येतो आणि त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते. म्हणूनच मेकॅनिकचे प्रतिज्ञापत्र आणि ते चित्रण पहिल्याच तारखेला जोडायचे, म्हणजे तशी वेळ बहुधा येणार नाही.

मागणीत ६,८०० रुपये, त्यावर व्याज, तक्रारीचा खर्च आणि मानसिक त्रासाची बेताची रक्कम घाला. लाखाचा आकडा टाकू नका. मेकॅनिकच्या बिलात यंत्राच्या तपासणीचा खर्च वेगळा लिहून घ्या, तोही मागता येईल. नव्या सुईचा खर्च मात्र तुमचा तुम्ही सोसा.