बाळंतपणानंतर बायको सारखी रडते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. काय करावं?

पहिले आठ-दहा दिवस रडू येणं बऱ्याच बाळंतिणींना होतं, आपसूक ओसरतं. पण 2 आठवड्यांपुढं गेलं, बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, डिंकाचा लाडू तसाच ताटलीत, तर दृष्ट काढा हवी तर, पण डॉक्टरही गाठा. ती परभणीला माहेरी अन् तुम्ही पुण्यात असाल तर रोज फोन करा; आधी "तू झोपलीस का?" विचारा, बाळाचं नंतर. मुलगी झाली म्हणून कुणी टोमणे मारत असेल तर ते तुम्हीच बंद करा. आशाताई घरी येतात, त्यांना सांगा. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोन हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही. जिवाचं बरंवाईट करायचं बोलली, बाळाला इजा करायचे विचार आले किंवा भलतंच दिसू-ऐकू लागलं, तर एकटं सोडू नका, लगेच दवाखाना. अन् बाळ झाल्यावर अशी उदासी बापालाही येते बरं का, तुमची झोप उडाली असेल तर तेही सांगा.