छातीवर बसतं ते नक्की कोण?

मागच्या अंकात झोपेबद्दल काय वाटेल ते विचारा म्हटलं आणि तुम्ही खरंच काय वाटेल ते विचारलंत. निम्म्याहून जास्त पत्रं आणि मेसेज एकाच अनुभवाबद्दल आहेत, फक्त कुणी त्याला दाबलं म्हणतं, कुणी बसलं म्हणतं, एका काकांनी तर सरळ 'आमच्या जुन्या घरातलं ते' एवढंच लिहिलंय. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : मॅडम, मी २३ वर्षांची आहे, पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करते, पीजीत तिघी राहतो. दोन महिन्यांत चार वेळा असं झालंय की पहाटे जाग येते, वरचा पंखा दिसतो, रूममेटच्या चार्जरचा हिरवा लाइट पण दिसतो, पण हात हलत नाही, तोंडातून आवाज निघत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. शेवटच्या वेळी दाराजवळ काळं काहीतरी उभं होतं. आई म्हणते उशाखाली सुरी ठेव, अमावस्येला दृष्ट काढू. मला वेड तर लागत नाहीये ना? (नाव छापू नका)

उत्तर : नाही गं, वेडबिड काही नाही. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि तुझ्या पीजीतच विचारून बघ, अजून एखादी तरी निघेल. मला स्वतःला हॉस्टेलला असताना परीक्षेच्या दिवसांत झालं होतं. कुणी कॉटवर येऊन बसलं की गादी कशी दबते, अगदी तशी पायाशी दबलेली मला जाणवली होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली, त्यामुळे वळून बघायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये लाजत लाजत सांगितलं तर टेबलावरच्या दोघी म्हणाल्या आम्हाला पण होतं, आम्ही कुणाला बोललो नाही. २०११ मध्ये ३५ अभ्यासांचे आकडे एकत्र केले होते, त्यात सर्वसाधारण लोकांपैकी शंभरात साधारण ८ जणांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं होतं आणि विद्यार्थ्यांमध्ये तोच आकडा २८ होता. विद्यार्थ्यांमध्ये इतका जास्त का, हे तुला मी सांगायला नको, अभ्यासिकेतून तू रात्री किती वाजता परत येतेस ते तुलाच माहीत.

आता होतं काय ते सांगते. स्वप्नं सगळ्यात जोरात पडतात ती रेम झोपेत, म्हणजे ज्या झोपेत पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात. तेव्हा मेंदू जवळपास जागेपणासारखाच धावत असतो, मग स्वप्नात आपण पळतो तर खरंच उठून पळत का नाही? कारण मेंदूच्या देठातून खाली पाठीच्या कण्याला निरोप जातो की स्नायू बंद ठेवा. अंगाला जणू कुलूप लागतं. कुलपातून सुटलेले महत्त्वाचे स्नायू दोनच, डोळे फिरवणारे आणि श्वासपटल, नाहीतर आपण रोज रात्री गुदमरलो असतो. सकाळी उठताना हे कुलूप आधी निघतं आणि मग जाग येते, निदान यायला हवी. तुझ्या बाबतीत जाग आधी येते, कुलूप तसंच राहतं, आणि स्वप्नसुद्धा अजून पूर्ण बंद झालेलं नसतं. पंखा खरा, हिरवा लाइट खरा, आणि दाराजवळचं काळं स्वप्नातलं, पण दोन्ही एकाच वेळी एकाच खोलीत दिसतात म्हणून ते इतकं खरं वाटतं. छातीवरचं ओझं कशाचं? बरगड्यांमधले स्नायू ढिले पडलेले असतात, श्वास नुसत्या श्वासपटलावर चाललेला असतो, तू घाबरून मुद्दाम मोठा श्वास घ्यायला जातेस आणि तो घेता येत नाही. त्यात मेंदूचा भीतीचा भाग रेममध्ये भलताच तापलेला असतो. मग मेंदू स्वतःच जोडून टाकतो, दाब आहे, भीती आहे, म्हणजे कुणीतरी बसलंय.

हे कुणीतरी मात्र प्रत्येक गावचं वेगळं. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, धातूने जखडल्यासारखं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी येऊन बसते. इंग्रजीतल्या नाइटमेअर शब्दातली मेअर म्हणजे घोडी नाही, रात्री छातीवर बसणारी दुष्ट शक्ती. हेन्री फ्युझेली नावाच्या स्विस चित्रकाराने १७८१ मध्ये लंडनला एक चित्र काढलं, त्यात एक बाई उताणी पडलीये आणि तिच्या छातीवर एक खुजा राक्षस ठाण मांडून बसलाय. त्या चित्रात पडद्याआडून घोडीचं डोकं पण डोकावतं, तो भाग वेगळा. मला त्यात सगळ्यात पटतं ते बाईचं उताणं झोपणं, कारण हा प्रकार उताणं झोपल्यावर जास्त होतो असं दिसलंय.

तर आता करायचं काय. कुशीवर झोप. रात्री एक आणि पहाटे पाच असा खेळ थांबव, झोपायची आणि उठायची वेळ रोज तीच ठेव, रविवारी पण. आणि परत झालं तर झटापट करू नकोस, त्याने भीती वाढते आणि भीतीने ते लांबतं. मनात म्हण की कुलूप निघायचंय अजून, सेकंदांचा नाहीतर फार तर काही मिनिटांचा खेळ आहे, आणि डोळे इकडेतिकडे फिरव (ते मोकळे असतात), श्वास सावकाश सोड, नुसतं पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न कर. दिवसा बोलता बोलता झोप लागत असेल किंवा जोरात हसल्यावर गुडघ्यातली शक्ती गेल्यासारखी होत असेल तर मात्र न्यूरोलॉजिस्टना दाखव, तो वेगळा आजार असू शकतो. सुरीचं म्हणशील तर आईला दृष्ट काढू दे, मीठ-मोहरीने कुणाचं वाईट झालं नाही, पण धारदार वस्तू उशाखाली नको, झोपेतून दचकून उठणाऱ्या माणसाच्या हाताशी तर अजिबात नको.

प्रश्न : आमचे हे ६४ वर्षांचे, नोकरीतून रिटायर झालेत. स्वभाव अतिशय शांत. पण वर्षभरापासून झोपेत शिव्या देतात, लाथा मारतात. मागच्या आठवड्यात माझ्या खांद्यावर बुक्की बसली, काळंनिळं झालंय. उठवून विचारलं तर म्हणाले, कुत्रं अंगावर आलं होतं, हाकलत होतो. मुलगा हसतो. मला हसू येत नाही. (सांगली)

उत्तर : ताई, तुम्ही हसत नाही आहात तेच बरोबर आहे. वरच्या मुलीचं कुलूप वेळेवर निघत नाही आणि तुमच्या मिस्टरांचं बहुतेक नीट लागतच नाहीये. स्वप्नात कुत्रं आलं की हात खरंच उठतो. फ्रान्समध्ये ल्यों इथे मिशेल जूव्हे यांनी मांजरांवर प्रयोग केले होते, मेंदूच्या देठातला एक छोटा भाग निकामी केला तर ती मांजरं गाढ रेम झोपेत असतानाच उठून समोर नसलेल्या शिकारीवर झडप घालायची. माणसांमधला हाच प्रकार १९८६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी आजार म्हणून नोंदवला. बहुतेक पेशंट पन्नाशीपुढचे पुरुष, आणि बऱ्याच जणांच्या घरचे सांगतात तेच, की दिवसा माणूस एकदम गरीब.

यात तुमचं लग्न, त्यांच्या मनात दबलेला राग वगैरे शोधत बसू नका, कुणी नातेवाईक तसं सुचवेलच. न्यूरोलॉजिस्टकडे जा. ते रात्रभराची झोपेची तपासणी सांगतील, डोक्याला, हनुवटीला, पायाला वायर लावून झोपवतात. डिप्रेशनच्या काही गोळ्यांमुळेही हे होतं, त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या, पण स्वतःहून कुठलीही बंद करू नका. आणि एक गोष्ट लपवत नाही, पुढे काही वर्षांनी पार्किन्सन्ससारखा आजार येण्याची ही आधीची खूण असू शकते, बऱ्याच जणांमध्ये तसं झालेलं आहे, म्हणून वेळेत दाखवून डॉक्टरांच्या नजरेखाली राहिलेलं चांगलं. तोपर्यंत कॉटशेजारचं काचेचं तांब्याभांडं, टेबललॅम्प उचला, खाली एक गादी टाका आणि तुम्ही खुशाल दुसऱ्या खोलीत झोपा, लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

प्रश्न : मुलगा ५ वर्षांचा. रात्री नऊला झोपतो आणि साडेदहाच्या सुमारास किंचाळत उठून बसतो, डोळे सताड उघडे, घामाघूम, मी जवळ घेतलं तर मलाच ढकलतो. दहा मिनिटांनी आपोआप झोपतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. आम्ही मात्र रात्रभर जागे. (नाशिक)

उत्तर : हे पहिल्या प्रश्नाच्या बरोबर उलटं आहे. तिथे मन जागं, अंग झोपलेलं. इथे अंग उठून बसलंय, मन अजून गाढ झोपेत. म्हणून तो तुम्हाला ओळखत नाही, ढकलतो, आणि म्हणूनच सकाळी पाटी कोरी. वाईट स्वप्न असतं तर पहाटेकडे पडलं असतं आणि त्याने रडत रडत सांगितलं पण असतं. याला नाइट टेरर म्हणतात, झोपेत चालणं पण याच घरातलं. बहुतेक मुलांचं मोठं होता होता जातं. गदागदा हलवून उठवू नका, लागणार नाही एवढं बघा, सकाळी 'काल काय झालं होतं रे' म्हणून चौकशी नको. दुपारची झोप बुडाली किंवा ताप असला की जास्त होतं, त्यामुळे तेवढं सांभाळा. एकाच अंगाला झटके येत असतील किंवा रात्रीतून अनेकदा होत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, तोंडी वर्णनापेक्षा तो कामाला येतो.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. रील्समध्ये बघितलं की स्वप्नात असतानाच कळतं हे स्वप्न आहे आणि मग उडता वगैरे येतं. मी तीन आठवडे रात्री ३ चा अलार्म लावून ट्राय करतोय, एकदाच दहा सेकंद जमलं. हे खरंच असतं की फेकतात? (ठाणे)

उत्तर : असतं. ल्युसिड ड्रीम हा शब्द १९१३ पासून चालू आहे, फ्रेडरिक व्हान एडन नावाच्या डच डॉक्टरने तो वापरला, पण झोपलेला माणूस 'मला कळतंय' म्हणाला यावर विश्वास कुणी का ठेवावा? तोड निघाली त्या कुलपातूनच. अंग बंद असलं तरी डोळे मोकळे असतात ना, मग १९७५ मध्ये इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एकाला सांगितलं, की स्वप्नात भान आलं की डोळे ठरलेल्या पद्धतीने डावीकडे-उजवीकडे फिरव. पठ्ठ्याने फिरवले, आणि मशीनवर झोप मात्र रेमचीच दिसत होती. २०२१ मध्ये तर त्याच्या पुढची मजा झाली, चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्या लोकांना प्रश्न विचारले आणि एकाने ८ वजा ६ चं उत्तर डोळे दोनदा फिरवून दिलं. मला तर जागेपणी सकाळी ते जमायला चहा लागतो.

पण रोज ३ चा अलार्म बंद कर. कॉलेज आहे, लोकल आहे, आणि झोपेचे असे तुकडे केलेस की उडण्याच्या ऐवजी छातीवर म्हातारी येऊन बसायची शक्यता वाढते. सुट्टीच्या दिवशी काय ते प्रयोग कर.

प्रश्न : वडील दिवाळीच्या आधी गेले. आता दोनतीनदा पहाटे स्वप्नात आले, ओट्याजवळ उभे राहून चहा मागतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. नातेवाईक म्हणतात त्यांचं काहीतरी राहिलंय, विधी करून घे. काय समजायचं? (कोल्हापूर)

उत्तर : दादा, आधी पहाटेचं सांगते, अगदी सरळ. झोप साधारण दीड दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. पहिल्या फेरीत रेम जेमतेम काही मिनिटं, पण पहाटेकडे ती अर्ध्या तासावरसुद्धा जाते. शिकागोत १९५३ मध्ये ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ही रेम झोप पहिल्यांदा जगासमोर मांडली, तेव्हा डोळे फिरत असताना २७ वेळा लोकांना उठवलं तर २० वेळा त्यांनी तपशिलासकट स्वप्न सांगितलं. म्हणजे पहाटे स्वप्नं लांब पडतात आणि त्यातूनच जाग येते म्हणून लक्षात राहतात. बाराच्या सुमाराला बाबा येऊन गेले असतील तर ते तुम्हाला कळलंच नसेल. जुन्या लोकांनी पहाटेच्या स्वप्नाला मान दिला तो बहुतेक यामुळेच.

आणि जवळचं माणूस गेल्यावर ते स्वप्नात येणं अगदी सर्रास आहे. कितीतरी जण सांगतात की स्वप्नात ते आजारी नव्हते, चांगले चालते-फिरते होते. तुमचे ओट्याजवळ उभे राहतात म्हणजे चालतच आलेत. विधी करायचा की नाही हे घरच्यांशी बोलून तुम्ही ठरवा, मनाला बरं वाटत असेल तर करा, तो झोपेचा प्रश्न नाही. फक्त उशाशी वही-पेन ठेवा आणि उठल्या उठल्या, मोबाईल हातात घ्यायच्या आधी, ते काय म्हणाले ते लिहा. पाच-दहा मिनिटांत सगळं विरून जातं, आणि साखर कमी टाक म्हणाले होते की नव्हते हे दुपारी किती आठवलं तरी सापडत नाही.