लाईनबॅकर व्हायचंय, पण डोकं सांभाळून

मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलवर दोनच ओळी लिहिल्या होत्या, की त्या खेळात मला सगळ्यात जास्त आवडणारी जागा म्हणजे लाईनबॅकर. त्यावर सातारा-सांगलीकडून इतके प्रश्न आले की आजचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : सर, मी कराडला इंजिनिअरिंगला आहे. हॉस्टेलवर आम्ही काही जणांनी सोमवारी पहाटे ५ ला उठून सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची फायनल) बघितला. पास फेकणारा क्वार्टरबॅक कळतो, बॉल घेऊन पळणारा कळतो, पण लाईनबॅकर नक्की करतो काय? मला तर नुसता माणसांचा ढीग दिसतो. (एक विद्यार्थी, कराड)

ढीग दिसतो तो पुढच्या लाईनचा. डिफेन्सचे, म्हणजे बॉल नसलेल्या टीमचे, ११ जण असतात, त्यातले तीन-चार धिप्पाड गडी जमिनीला हात टेकवून पुढं बसलेले असतात, अगदी मागं पास अडवणारे चपळ खेळाडू असतात, आणि या दोघांच्या मधे उभा असतो तो लाईनबॅकर. बॉल घेऊन कुणी घुसला तर त्याला पाडायचं, पास गेला तर मागं पळत जाऊन अडवायचा, आणि कोचनं सांगितलं तर थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर जायचं, ही तिन्ही कामं त्याची. म्हणून त्याला जाड असूनही चालत नाही आणि बारीक असूनही चालत नाही.

पण खरं काम बॉल सुटायच्या आधी असतंय. बॉल सुटल्यापासून थांबेपर्यंतचा एक डाव म्हणजे प्ले, अशा दोन प्लेंच्या मधे ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. २००८ पासून एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, त्या हेल्मेटच्या मागं हिरवा ठिपका असतो, पुढच्या वेळी बघा, दिसंल. बहुतेक टीममध्ये तो ठिपका मधल्या लाईनबॅकरकडे असतो. कोच त्याच्या कानात प्ले सांगतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद. तिथून पुढं सगळं त्याच्यावर. समोरची टीम कशी उभी राहिलीय ते बघायचं, मग बाकीच्या दहा जणांना ओरडून सांगायचं, कुणाला दोन पावलं डावीकडं सरकवायचं, कुणाला मागं घ्यायचं. आणि हे सगळं आपलंच पब्लिक बोंबलत असताना, कारण समोरच्या टीमला एकमेकांचं ऐकू जाऊ नये म्हणून घरचं पब्लिक तेव्हाच जास्त दंगा करतं, मग हातानं खाणाखुणा कराव्या लागतात.

बॉल सुटला की नवीन माणूस बॉलकडं बघतो आणि तिथंच फसतो. लाईनबॅकर बघतो समोरच्या गार्डकडं, म्हणजे बॉल सुरू करणाऱ्या सेंटरच्या शेजारचा जो गडी असतो त्याच्याकडं. तो पुढं घुसला तर बहुतेक वेळा बॉल घेऊन पळणार, मान वर करून मागं सरकला तर पास येणार, बाजूला पळत सुटला तर बॉल त्याच्या मागोमाग जाणार. कबड्डीत चांगला कॉर्नर रेडरच्या हाताकडं न बघता पायाकडं बघतो ना, तसंच. आता समोरच्यालाही हे माहीत असतंय, म्हणून क्वार्टरबॅक बॉल दुसऱ्याच्या हातात दिल्याचं खोटं दाखवतो, लाईनबॅकर दोन पावलं पुढं येतो, आणि त्याच्या मागं मोकळ्या झालेल्या जागेत पास पडतो. त्याला फक्त ती दोन पावलंच पाहिजे असतात. ज्याचं डोकं त्या दोन पावलांना बळी पडत नाही तो या जागेवर वर्षानुवर्षं टिकतो.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला, तालमीत आहे. वय २०, वजन ९७ किलो. रील्सवर लाईनबॅकरचे टॅकल बघतो तेव्हा वाटतं हे आपल्याला जमंल. रस्ता काय आहे? (एक पैलवान)

अंगाला जमंल, यात मला शंका नाही. रे लुईस हे नाव लिहून ठेव. फ्लोरिडाचा पोरगा, शाळेत असताना कुस्तीत राज्य चॅम्पियन होता. पुढं मायामी युनिव्हर्सिटी, १९९६ च्या ड्राफ्टमध्ये (टीमांनी आळीपाळीनं नवीन खेळाडू निवडायची पद्धत) २६ व्या नंबरला बाल्टिमोर रेव्हन्सनं घेतला, एकाच टीमकडून १७ सीझन, दोन सुपर बोल जिंकले, पहिल्यात सामनावीर, आणि २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम. त्याचे टॅकल बघ, कंबर खाली, मान वर, दोन्ही हात मांड्यांमागं आवळलेले आणि पाय थांबत नाहीत. ज्या मुलखात खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आहे आणि कुंडलचं मैदान आहे तिथल्या पोराला पट कसा काढायचा हे वेगळं सांगायला नको.

पण रस्ता अवघड आहे आणि तो मी गोड करून सांगणार नाही. तिथली पोरं शाळेपासून हेल्मेट घालतात, मग कॉलेज, आणि शाळा संपून किमान तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला उभंच राहता येत नाही. ड्राफ्टच्या सात फेऱ्या, ३२ टीम, उन्हाळ्यात एकेका कॅम्पला ९० पोरं आणि शेवटी उरतात ५३. बाहेरच्या देशातल्या खेळाडूंसाठी एनएफएलचा २०१७ पासून एक कार्यक्रम आहे, त्यातून ऑस्ट्रेलियाचा जॉर्डन मैलाटा रग्बी लीग सोडून आला आणि फिलाडेल्फियाचा मोठा खेळाडू झाला, पण तो क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाईनमधला आहे. लाईनबॅकरला जे समोरचं वाचावं लागतं ते विसाव्या वर्षी शिकायला घेणं, माझ्या मते, त्याहून कितीतरी अवघड.

भारतीय रक्ताचा लाईनबॅकर झालाय. ब्रँडन चिलार, वडील भारतीय. पण तो कॅलिफोर्नियात वाढला, यूसीएलए युनिव्हर्सिटीकडून खेळला, २००४ मध्ये रॅम्स टीमनं घेतला आणि पुढं ग्रीन बे पॅकर्सकडं गेला. आपल्याकडं २०१२ मध्ये अमेरिकन फुटबॉलची लीगही झाली होती, त्यात 'पुणे मराठाज' नावाची टीम होती, चिलारचा त्या लीगला हातभार होता, पण ती टिकली नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या पोरांना एक दार उघडलं असतं.

तेव्हा तालीम सोडू नको, शिक्षण तर अजिबात सोडू नको. खेळाची ओढच असेल तर पुण्या-मुंबईत रग्बी आहे, टॅकल तिथं शिकता येईल. फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आहे, पाच-पाच जणांचा खेळ, त्यात पाडापाडी नाही, कमरेचा पट्टा ओढायचा. आणि अमेरिकेला नेतो म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नको.

प्रश्न : पैसा किती मिळतो हो? (फलटण, इस्लामपूर, विटा, बरेच जण)

एनएफएलमध्ये नवीन पोराला २०२५ च्या सीझनला कमीत कमी ८ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे आपले सात कोटींच्या वर. वरच्या टोकाला रोक्वान स्मिथ, बाल्टिमोरचाच लाईनबॅकर, त्यानं २०२३ च्या जानेवारीत पाच वर्षांचं १० कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट केलं आणि तेही एजंट न ठेवता, स्वतः बसून बोलणी करून. पण कॉन्ट्रॅक्टवर छापलेला सगळा आकडा पक्का नसतो, टीमनं मधेच काढलं तर गॅरंटी असलेला भागच हातात येतो. आणि खेळाडूंची संघटना सांगते की सरासरी करिअर तीन वर्षांच्या थोडं वर. पंचविशीत निवृत्त व्हायचं आणि पुढची पन्नास वर्षं काढायची, असा हिशोब करून बघा.

प्रश्न : दादा, माझी बहीण टेक्सासला असते. भाचा नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये लाईनबॅकर खेळतो. मागच्या सीझनला डोक्याला धडक बसली, दोन दिवस त्याला उजेड सहन होत नव्हता, एकच गोष्ट परत परत विचारत होता. आता परत जायचं म्हणतोय. बहीण घाबरलीय, मेहुणे म्हणतात खेळू दे, हेल्मेट असतंय की. काय सांगू? (एक मावशी, सातारा)

ताई, तुमच्या बहिणीची भीती बरोबर आहे. उजेड सहन न होणं, तेच तेच विचारणं, ही कन्कशनची, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची, लक्षणं आहेत. मेहुण्यांना सांगा की हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, पण आतला मेंदू कवटीत हलतो तो हेल्मेट थांबवू शकत नाही. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत शाळकरी खेळाडूंसाठी कायदा आहे, कन्कशनचा संशय आला की मैदानाबाहेर, आणि वैद्यकीय माणसाच्या परवानगीशिवाय परत नाही. तो निर्णय डॉक्टरांचा, कोचचाही नाही आणि मेहुण्यांचाही नाही. परत जाणंसुद्धा पायरीपायरीनं, आधी शाळा-अभ्यास, मग हलका व्यायाम, मग धडक नसलेली प्रॅक्टिस आणि सगळ्यात शेवटी धडक, मधे डोकं दुखलं तर एक पायरी मागं.

आता अवघड गोष्ट सांगतो. ज्युनिअर सिआऊ हा मोठा लाईनबॅकर, २० सीझन खेळला, सगळ्यांचा लाडका. २०१२ मध्ये ४३ व्या वर्षी त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. नंतर त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, वारंवार डोक्याला हादरे बसून होणारा आजार, जो आजही खात्रीनं मृत्यूनंतरच कळतो. २०१७ च्या बोस्टनच्या अभ्यासात एनएफएल खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंपैकी ११० मध्ये तो होता. घाबरून जाऊ नका, ते मेंदू बहुतेक त्रास दिसलेल्याच घरांनी दिलेले होते, त्यामुळं सगळ्याच खेळाडूंचं असं होतं असा अर्थ नाही. पण जितकी वर्षं जास्त तितका धोका जास्त, आणि नुसत्या मोठ्या धडकेनं नाही तर रोजच्या छोट्या धडकांनीही, हे संशोधनातून दिसलंय. लाईनबॅकरच्या वाट्याला तर त्या जवळजवळ प्रत्येक प्लेला.

भाच्याला रागावून सांगू नका. त्याला ल्यूक कीकलीबद्दल सांगा. कॅरोलायनाचा मधला लाईनबॅकर, २०१३ चा सगळ्यात भारी डिफेन्स खेळाडू, समोरच्या टीमचा प्ले बॉल सुटायच्या आधीच ओरडून सांगायचा इतकं वाचन. २०१६ मध्ये एका सामन्यात डोक्याला लागलं आणि गाडीवरून बाहेर नेताना तो हमसून हमसून रडत होता, सगळ्या अमेरिकेनं टीव्हीवर बघितलं. तीन वर्षांत तीन कन्कशन. २०२० च्या जानेवारीत, २८ व्या वर्षी, फॉर्मात असताना थांबला. ख्रिस बोरलँड तर सॅन फ्रान्सिस्कोकडून एकच सीझन खेळला, २४ व्या वर्षी डोक्याची काळजी म्हणून सोडलं, करार करताना मिळालेल्या साईनिंग बोनसचा मोठा भाग परत केला. हे दोघं भित्रे नव्हते, अशा माणसांबद्दल मला खूप आदर आहे.

बहिणीला म्हणावं, शाळेला विचार की आठवड्यात किती दिवस धडकेची प्रॅक्टिस असते आणि टॅकल खांद्यानं शिकवतात की डोक्यानं. लक्षण लपवलं तर जागा जाणार नाही पण जीव जाऊ शकतो, हे पोराला घरातूनच कळू दे. आणि परत एकदा असं झालं तर, माझं स्पष्ट मत, टॅकल फुटबॉल बंद.

प्रश्न : माझी उंची ५ फूट ९ इंच. उंची नसली की लाईनबॅकर होताच येत नाही का? आणि सुरुवातीला कुणाचा खेळ बघू? (मिरज)

लंडन फ्लेचर ५ फूट १० इंचाचा. छोट्या कॉलेजचा, ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, तरी १९९८ ते २०१३ सलग २५६ सामने खेळला, एकही चुकवला नाही. शकीम ग्रिफिनला तर डावा हात मनगटापुढं नव्हता, २०१८ मध्ये सिअ‍ॅटलनं ड्राफ्टमध्ये घेतला.

आणि बघायचं तर २००९ चा सुपर बोल, पिट्सबर्ग आणि ॲरिझोना. पहिला हाफ संपत आलेला, ॲरिझोना अगदी गोललाईनच्या तोंडाशी. जेम्स हॅरिसन, ज्याला आधी टीमांनी परत परत काढून टाकलेलं, तो क्वार्टरबॅकवर जाणार असं दाखवतो आणि ऐनवेळी मागं सरकतो, पास थेट त्याच्या हातात, तिथून १०० यार्ड पळत दुसऱ्या टोकाला. पोचल्यावर त्याला श्वास घेता येत नव्हता, ऑक्सिजन लावावा लागला. पहिल्यांदा सगळा प्ले बघ, मग परत लावून बॉल सुटायच्या क्षणाला थांबव आणि फक्त ९२ नंबरच्या हॅरिसनचे पाय बघ.