गुडघ्याच्या झिजेवर कोणतं आयुर्वेदिक तेल लावावं?

तुम्ही विचारलंय की आईंचं वय ६८, एक्स-रेत गुडघ्याची झीज आलीये, पित्तामुळे गोळ्या सोसत नाहीत, तर बाहेरून काय लावावं. मी डॉक्टर नाही, पण आमच्या सासूबाईंचं हेच दुखणं आहे म्हणून सांगते.

झिजलेली गादी कुठल्याच तेलाने भरून येत नाही, बाटलीवर तसं लिहिलं असेल तर घेऊच नका. ठणका कमी होतो, बस.

आमच्याकडे निर्गुडी. ओला पाला ठेचून तिळाच्या तेलात मंद आचेवर कढवायचा, तडतड थांबली की पाणी आटलं समजायचं, गाळून कोमट असतानाच लावायचं. वास उग्र येतो, उशीच्या अभ्र्यालाही लागतो. बरं वाटतं हे नक्की, पण माझ्या मते त्यातला निम्मा गुण कोमट हाताने चोळण्याचाच आहे. संशोधनाचं विचाराल तर कॉक्रन (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) च्या २०१३ च्या आढाव्यात अर्निकाचं जेल हाताच्या सांधेदुखीत आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाच्या जेलच्या तोडीचं निघालं, कॉम्फ्रीच्या जेलने गुडघेदुखी कमी झाली, मिरचीच्या अर्काचं मात्र काही खास नाही. अर्निका, कॉम्फ्री दोन्ही तिकडच्या युरोपातल्या वनस्पती, आपल्या अंगणातल्या नाहीत.

आता महत्त्वाचं. लावल्या लावल्या थंड-गरम झोंबणाऱ्या बऱ्याच "आयुर्वेदिक" तेलांत गंधपुरा तेल असतं, म्हणजे जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं. आई रक्त पातळ करायची गोळी, विशेषतः वॉरफरिन घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वरून गरम पिशवी ठेवायची नाही, कातडी भाजते. आणि नातवंडं असतील तर बाटली वरच्या फळीवर ठेवा, चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. रुईचं पान बांधायला सांगणारे शेजारी भेटतीलच, त्याचा चीक डोळ्यात गेला तर दवाखानाच.

पोटाला त्रास नको म्हणून विचारताय तर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं साधं जेल आहे की, गुडघ्यासाठी डॉक्टर तेच आधी सुचवतात, गोळीच्या मानाने अंगात फार थोडं जातं, पण त्यांना विचारूनच. सोबत मांडीचा व्यायाम: पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, थोडा धरायचा, हळूच खाली. हे रोज झालं पाहिजे, सासूबाई तेलाला तयार असतात, याला नाही 😅

गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला किंवा ताप आला तर तेल-बिल सोडून दाखवायला न्या. आणि हो, तेल लावून लगेच फरशीवर चालू देऊ नका, तळपाय पुसून मगच उठवा.